वस्त्रशिल्पी मारियानो फोर्तुनी

काही माणसांशी काळ मोठा विचित्र खेळ खेळतो. ज्या कामासाठी ती जन्मभर झिजतात, ते काम जग सहज विसरून जाते. उलट अनेक उद्योगांपैकी एक म्हणून त्यांनी जे सहज हातावेगळे केले, तेच त्यांच्या नावाला चिकटून राहते. मारियानो फोर्तुनी हा अशांपैकी एक. तो स्वतःला अखेरपर्यंत चित्रकार समजत होता. रोज कुंचला हाती घेत होता, चित्रांची प्रदर्शने मांडत होता. त्याची चित्रे आज फारच थोड्यांच्या स्मरणात आहेत. पण त्याच्या घरात तयार झालेला एक रेशमी झगा जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे. आणि या कहाणीतली खरी मेख अशी, की तो झगा एकट्या त्याचा नव्हताच. ते कसे, हे पुढे येईलच.

फोर्तुनीचा जन्म ११ मे १८७१ रोजी स्पेनमधील ग्रानादा या शहरात झाला. कलेचा वारसा त्याला दोन्ही बाजूंनी मिळाला होता. त्याचे वडीलही मारियानो फोर्तुनीच. त्या काळात साऱ्या युरोपात गाजलेले ते चित्रकार. आईचे नाव सेसिलिया. तिचे वडील फेदेरिको दे माद्राझो हे राजदरबारी मान असलेले व्यक्तिचित्रकार आणि माद्रिदच्या प्रसिद्ध प्रादो संग्रहालयाचे संचालक. अशा घरात मूल रंगांच्या वासातच डोळे उघडते. पण सुख फार टिकले नाही. १८७४ मध्ये रोम येथे वडिलांना अकाली मृत्यू आला. ते अवघे छत्तीस वर्षांचे होते आणि मुलगा जेमतेम तीन वर्षांचा. बापाचे नाव, बापाची कीर्ती आणि बापाच्या चित्रशाळेतल्या वस्तू एवढेच त्या पोराच्या वाट्याला आले. थोर बापाचे नाव धारण करणे हे ओझे आहे की आधार, हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर पुरला असावा.

वडिलांना जुन्या वस्तू जमवण्याचे वेड होते. मूरिश धाटणीची मातीची भांडी, गालिचे, शस्त्रे आणि मुख्य म्हणजे जुनी वस्त्रे. त्यातल्या बऱ्याच वस्तू त्यांच्या पश्चात विकल्या गेल्या. पण वस्त्रांचा नाद आईने सोडला नाही. पतीच्या निधनानंतर ती मुलांना घेऊन पॅरिसला आली. तेथे तिचा भाऊ रायमुंदो हाही नावाजलेला चित्रकार होता. मुलगा चित्रकला शिकू लागला. त्याचबरोबर विजेचा नवा दिवा, यंत्रे, छायाचित्रण अशा नाना गोष्टींचे त्याला कुतूहल होते. त्याला दम्याचा विकार होता आणि घोड्यांच्या सान्निध्यात त्याला त्रास होई, असे सांगतात. त्या काळचे पॅरिस म्हणजे घोडागाड्यांचे शहर. १८८९ मध्ये हे कुटुंब व्हेनिसला गेले. तेथे रस्त्यांच्या जागी पाणी आणि गाड्यांच्या जागी होड्या! फोर्तुनी अठरा वर्षांचा होता. व्हेनिस हेच पुढे त्याचे कायमचे घर झाले.

व्हेनिसच्या मुख्य कालव्यावरील एका वाड्यात आईने संसार मांडला. घरी येणाऱ्या पाहुण्यांपुढे ती कधी कधी पेटारे उघडत असे. पंधराव्या-सोळाव्या शतकातली मखमल, किनखाब, जरीची कापडे एकेक करून बाहेर निघत. मुलगा ती पाहत असे, हाताळत असे. चित्र पाहायचे असते, पण कापड पाहायचे आणि स्पर्शायचेही असते. त्याचा पोत बोटांना कळतो, त्याचे वजन हाताला कळते, प्रकाशात ते कसे बदलते हे डोळ्यांना कळते. हे शिक्षण कोणत्याही कलाशाळेत मिळणारे नव्हते.

पण तरुण फोर्तुनी कापडाकडे वळला तो रंगभूमीच्या वाटेने. १८९२ मध्ये तो जर्मनीत बायरॉइट येथे गेला आणि वाग्नरच्या संगीतनाटकांनी झपाटला. चित्र, संगीत, काव्य, नेपथ्य, प्रकाश या साऱ्या कला एकाच अनुभवात विरघळून गेल्या पाहिजेत हा वाग्नरचा विचार त्याच्या मनात खोल रुजला. मात्र रंगमंचावरचे रंगवलेले पडदे आणि त्यांच्यावर पडणारा भगभगीत उजेड त्याला खटकला. त्याने आपल्या घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले. खिडकीतून येणारा उन्हाचा झोत भिंतीवर आदळून खोलीभर पसरतो तेव्हा तो किती मऊ होतो, हे त्याच्या ध्यानी आले. मग रंगमंचावरही दिव्याचा प्रकाश सरळ न सोडता एखाद्या पृष्ठभागावरून परावर्तित करून का सोडू नये? १९०१ मध्ये त्याने या अप्रत्यक्ष प्रकाशयोजनेचे पेटंट घेतले. त्याआधी १९०० च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात वाग्नरच्या एका संगीतनाटकाचे नेपथ्यही त्याने केले होते.

पुढे त्याने रंगमंचासाठी एक घुमट तयार केला. पाव गोलाच्या आकाराचा, कापडाचा. कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामधली हवा यंत्राने ओढून घ्यायची, की कापड ताणून घुमटाचा आकार घेई. त्याच्यावर दिव्यांचा परावर्तित प्रकाश सोडला की प्रेक्षकांना अथांग आकाशाचा भास होई. पहाट, ढग, संध्याकाळ सारे काही दिव्यांच्या फिरवाफिरवीने साधता येई. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कापड हे केवळ झाकण्याचे किंवा रंगवण्याचे साधन नव्हे, तर त्याला आकार देता येतो आणि प्रकाशाने त्या आकारात प्राण ओतता येतो, हे त्याने आधी रंगभूमीवर शिकून घेतले. माणसाच्या देहावर त्याने हीच विद्या नंतर वापरली.

शतक संपत आले त्या सुमारास त्याने व्हेनिसमधील पेझारो घराण्याच्या जुन्या गॉथिक वाड्यात आपली चित्रशाळा थाटली. या भव्य वाड्याची तेव्हा पार रया गेली होती. आत भाडेकरूंनी आडव्या-उभ्या भिंती घालून खुराडी केली होती. फोर्तुनीने हळूहळू एकेक भाग ताब्यात घेतला, भिंती पाडल्या आणि वाड्याला त्याचे मूळ रूप परत दिले. येथेच १९०२ मध्ये पॅरिसहून एक स्त्री राहायला आली. तिचे नाव हेन्रिएट नेग्रिन. जन्म १८७७ चा, फ्रान्समधील फोंतेनब्लो येथला. दोघांची ओळख पॅरिसमध्ये झाली होती. फोर्तुनीच्या आईला आणि बहिणीला हे नाते रुचले नाही. दोघांनी रीतसर विवाह केला तो १९२४ मध्ये, म्हणजे एका छपराखाली बावीस वर्षे काढल्यावर. लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांना आपले काम अधिक महत्त्वाचे वाटत असावे.

हेन्रिएट ही कापडाची जाणकार होती. रंग कालवणे, कापड रंगवणे, छापणे, शिवणे या सगळ्यात तिचा हात चाले. दोघांनी मिळून वाड्यात छपाईचे प्रयोग सुरू केले. १९०६ च्या सुमारास तेथून पहिली नावाजलेली वस्तू बाहेर पडली. ती म्हणजे रेशमाची एक लांबरुंद ओढणी. क्रीट बेटावर क्नोसॉस येथे १९०० पासून उत्खनन चालू होते आणि तेथल्या प्राचीन कलेने साऱ्या युरोपाला भुरळ घातली होती. ओढणीवरची नक्षी त्या कलेवरून सुचलेली होती, म्हणून तिचे नाव क्नोसॉस ठेवले. हिला ना बाही, ना शिवण. नेसणाऱ्या बाईने ती हवी तशी गुंडाळावी, बांधावी, खांद्यावरून सोडावी. आपल्याकडे साडी नेसणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. पण कंबर आवळून धरणाऱ्या कॉर्सेटमध्ये जखडलेल्या तेव्हाच्या युरोपीय स्त्रीला ही कल्पना नवीच होती.

यानंतरची पायरी म्हणजे तो जगप्रसिद्ध झगा. १८९६ मध्ये ग्रीसमधील डेल्फी येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना ब्राँझचा एक पूर्णाकृती पुतळा सापडला होता. तो एका सारथ्याचा, सुमारे चोवीसशे-पंचवीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या अंगावरचा पायघोळ अंगरखा कमरेपासून खाली सरळ उभ्या चुण्यांनी उतरतो. जणू मंदिराचा खाचा पाडलेला खांबच. १९०७ च्या सुमारास फोर्तुनीच्या वाड्यात जो झगा तयार झाला, त्याला या सारथ्यावरून डेल्फोस हे नाव मिळाले. शिल्पातले कापड पुन्हा खऱ्या कापडात आणायचे, धातूत गोठलेल्या चुण्या रेशमात जिवंत करायच्या, असा हा उलटा प्रवास होता.

डेल्फोसचे रूप अगदी साधे. पातळ रेशमाचे चार-पाच पन्हे एकमेकांना जोडून केलेली एक नळीच म्हणा ना! गळ्याला आणि बाह्यांना रेशमी दोरी. आत अस्तर नाही, हाडांच्या पट्ट्या नाहीत. पण साऱ्या कापडावर वरपासून खालपर्यंत बारीक, थोड्याशा अनियमित अशा असंख्य चुण्या. या चुण्यांमुळे झगा अंगाबरोबर ताणला जाई आणि पुन्हा मिटे. एकच झगा सडसडीत आणि भरल्या अंगाच्या, दोघींनाही बसे. बाजूच्या शिवणीवर मुरानोच्या काचेचे छोटे रंगीत मणी ओवलेले असत. ते शोभेचे तर होतेच, पण त्यांच्या वजनाने तलम रेशीम खाली ओढलेले राही आणि झगा अंगासरशी पडे. खालचा घेर पावलांभोवती जमिनीवर फुलासारखा पसरे. शिंप्याने देहाला आकार द्यायचा ही तोवरची रीत. येथे देहच वस्त्राला आकार देऊ लागला.

झगा ठेवण्याची रीतही आगळी. त्याची घडी घालायची नाही, खुंटीला टांगायचा नाही. दोन्ही टोकांना धरून पिळा घालायचा, सुताच्या लडीसारखा गुंडाळायचा आणि एका लहानशा गोल पेटीत ठेवून द्यायचा. अख्खा पायघोळ झगा मुठीएवढ्या वेटोळ्यात! पण त्याला पाण्याचे भय मोठे. रेशीम ओलाव्याने आणि उष्णतेने वळण घेते, तसेच पुन्हा ओले झाले की घेतलेले वळण सोडूनही देते. म्हणून झगा भिजला की चुण्या उलगडत आणि त्या पुन्हा घालून घेण्यासाठी तो व्हेनिसला परत पाठवावा लागे. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या इस्से मियाकेने कायमच्या चुण्यांचे कपडे लोकप्रिय केले, ते पॉलिस्टरवर. उष्णतेने घेतलेला आकार तो कृत्रिम धागा पाण्यातही सोडत नाही. रेशमाला ते सुख नाही.

मग फोर्तुनीच्या घरात रेशमावर एवढ्या बारीक आणि टिकाऊ चुण्या कशा घातल्या जात? याचे पूर्ण उत्तर आजही कुणाला देता आलेले नाही. १९०९ मध्ये पॅरिसमध्ये चुणीदार कापडाचे पेटंट घेण्यात आले. त्यात तापवता येतील अशा आडव्या नळ्यांचे एक साधन दाखवले आहे. ओल्या कापडाला आडव्या लहरी देण्यासाठी ते असावे. पण मूळच्या उभ्या चुण्या बहुधा हातांनीच घातल्या जात असाव्यात, आणि हातांचे ज्ञान कागदावर उतरत नाही.

याच पेटंटाच्या कागदावर फोर्तुनीच्या हाताने लिहिलेला एक छोटा शेरा आहे. हा शोध खरे तर हेन्रिएटचा आहे, त्यावरचा हक्कही तिचाच आहे, अर्ज करण्याची घाई असल्यामुळे आपण तो स्वतःच्या नावाने केला, अशा आशयाचा तो मजकूर आहे. खाली त्याची सही. त्या दोन-तीन ओळी फार दिवस कागदपत्रांतच पडून राहिल्या. जगाने झग्याला फोर्तुनीचा झगा म्हटले, दुकानांच्या पाट्यांवर फोर्तुनीचे नाव झळकले आणि हेन्रिएट ही त्याची पत्नी, मदतनीस, कधी त्याच्या चित्रांतली प्रतिमा म्हणून तेवढी उरली. यात फोर्तुनीला दोष देता येत नाही. त्याने सत्य लिहून ठेवले होते. पण समासात लिहिलेले सत्य आणि पाटीवर लिहिलेले नाव यांत जगाला पाटी आधी दिसते. आपल्या घरांतूनही असे किती शेरे लिहिलेच गेले नसतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

डेल्फोस आधी घरात, जिव्हाळ्याच्या मंडळींत घालायचा पोशाख मानला जाई. चारचौघांत कॉर्सेटशिवाय वावरणे तेव्हा धाडसाचे होते. हे धाडस प्रथम केले ते रंगभूमीवरच्या स्त्रियांनी. अभिनेत्री एलेओनोरा दूझे, नर्तकी इसाडोरा डंकन यांसारख्या कलावतींनी फोर्तुनीची वस्त्रे आपलीशी केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत डेल्फोस मेजवान्यांतही दिसू लागला. पॅरिसची फॅशन दर हंगामाला कूस बदलत होती; हा झगा मात्र सुमारे चार दशके जवळजवळ जसाच्या तसा तयार होत राहिला.

वाड्यातली छपाईही वाढत गेली. १९१० मध्ये फोर्तुनीने छपाईच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. जपानी कागदी साच्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. मखमलीवर तो ब्राँझ आणि अॅल्युमिनियमची पूड वापरून अशी नक्षी छापे, की पाहणाऱ्याला जरीचे विणकाम वाटावे. नमुने इटलीच्या जुन्या मखमलीवरून, इराणी, तुर्की, अरबी, कॉप्टिक वस्त्रांवरून घेतलेले. आईच्या पेटाऱ्यांतले ते सारे धन असे पुन्हा उजेडात आले. छपाईनंतर कुंचल्याने हात फिरवला जाई, रंग एकावर एक चढवले जात; त्यामुळे दोन कापडे कधी तंतोतंत सारखी होत नसत. चित्रकार असा कापडात लपून बसला होता. पुढे वाड्यात सुमारे शंभर कामगार, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया, काम करू लागल्या. त्यांच्या कामावर देखरेख हेन्रिएटची.

या वस्त्रांना साहित्यातही स्थान मिळाले. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तने आपल्या महाकादंबरीत फोर्तुनीच्या वस्त्रांना मोठे महत्त्व दिले आहे. नायक आपल्या प्रेयसीला, अल्बर्टिनला, ही वस्त्रे घेऊन देतो आणि त्यांच्यातून त्याला न पाहिलेले व्हेनिस दिसू लागते. यासाठी प्रूस्तने फोर्तुनीच्या नात्यातल्या एका बाईंना पत्रे लिहून बारीकसारीक माहिती मागवली होती. कापडाचा एक तुकडा माणसाच्या स्मृतीत काय काय जागे करू शकतो, हे प्रूस्तला नेमके उमगले होते.

पहिल्या महायुद्धात रेशीम आणि मखमल मिळणे कठीण झाले. तेव्हा फोर्तुनी सुती कापडाकडे वळला. १९१९ मध्ये जुदेक्का बेटावर, जानकार्लो स्तुकी या उद्योगपतीच्या साहाय्याने, सुती छपाईच्या कारखान्याचा पाया घातला गेला. यंत्रे फोर्तुनीने स्वतः आखलेली. साध्या सुती कापडाला किनखाबाचे रूप देणारी ती छपाई आजही त्याच ठिकाणी चालू आहे आणि यंत्रांची खोली बाहेरच्यांना पाहू दिली जात नाही.

१९२९ मध्ये अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि श्रीमंत गिऱ्हाइके आटली. मंदीमागून इटलीतली आयातीची बंधने आणि मग दुसरे महायुद्ध आले. कारखाना बंद पडला, पैशांची ओढाताण झाली. तरी त्याचे डोके स्वस्थ नव्हते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या सान रोक्को सभागृहात तिंतोरेत्तोच्या विशाल चित्रांवर त्याने आपल्या पद्धतीचा मऊ प्रकाश पाडला. अंधारात बुडालेली ती चित्रे लोकांना जणू नव्याने दिसली. दुसऱ्याची चित्रे उजळून दाखवण्याचे हे भाग्य त्याला लाभले. स्वतःच्या चित्रांवर तसा उजेड कधी पडला नाही.

मे १९४९ च्या आरंभी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर आला असताना, फोर्तुनीने त्या वाड्यातच देह ठेवला. रोममध्ये वडिलांच्या शेजारी त्याला पुरले. तीन वर्षांचा असताना ज्यांचे छत्र हरपले, त्यांच्यापाशी तो पंचाहत्तर वर्षांनी पोचला.

हेन्रिएट मागे राहिली. तिने एक निर्णय घेतला, डेल्फोस यापुढे तयार होणार नाही. जुदेक्काचा कारखाना तिने एल्सी मॅकनील या अमेरिकन बाईंच्या हाती सोपवला. न्यूयॉर्कमध्ये फोर्तुनीची कापडे त्याच विकत असत. पण चुण्यांची विद्या तिने कुणालाही दिली नाही. पतीच्या चिठ्ठ्या, चित्रे, नमुने यांची ती नीट लावणी करत राहिली. १९५६ मध्ये तिने तो वाडा व्हेनिस नगराला दिला. १९६५ मध्ये ती गेली. १९७५ मध्ये त्या वाड्याचे संग्रहालय झाले.

लोक म्हणतात, फोर्तुनीचे रहस्य त्याच्याबरोबर गेले. ते खरे नव्हे. ते त्याच्यानंतर सोळा वर्षे त्या वाड्यात, एका वृद्ध स्त्रीच्या बोटांत जिवंत होते. त्या पेटंटाच्या समासातला शेरा कुणी नीट वाचला असता, तर ते विचारायला कुणाकडे जायचे हे तेव्हाच कळले असते.